जुना टीव्ही रिमोट आपटल्यावर का चालायचा? खोडी, कारणं आणि दुरुस्ती

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरातला १९९० च्या दशकातला रंगीत टीव्ही तुम्ही माळ्यावरून खाली काढलाय आणि त्याचा मूळ रिमोटही सापडलाय. घरातली मोठी माणसं सांगतात की हा रिमोट तळहातावर आपटला की चालायचा, सेल उन्हात ठेवले की आणखी काही दिवस जायचे, आणि शेजाऱ्यांच्या वेगळ्या कंपनीच्या रिमोटनं तुमच्या टीव्हीचं चॅनेल बदलायचं. त्यात शिकागोला राहून आलेले मामेआजोबा म्हणायचे की त्यांच्या टीव्हीचं चॅनेल किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी बदलायचं. यातलं खरं किती, आणि तुमचा रिमोट आता चालू होईल का, असा प्रश्न आहे.

चारही आठवणी खऱ्या आहेत. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत माझी उमर गेली, त्यामुळे पहिल्या तीन गोष्टी टेबलावर रोज पाहिलेल्या आहेत. मामेआजोबांचा रिमोट मात्र निराळ्या जातीचा. तो आवाजावर चालायचा, तुमचा इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. तरी दोघांच्या खोडींचं मूळ मला एकच वाटतं. रिमोट नुसता बोलतो, त्याला ऐकू काहीच येत नाही. टीव्हीला हुकूम पोचला की नाही, हे रिमोटला कधीच कळत नाही. आणि आलेला इशारा रिमोटचा की घरातल्या दुसऱ्याच कशाचा, हे टीव्हीला केवळ त्या इशाऱ्याच्या रूपावरून ठरवावं लागतं. म्हणून तक्रारी दोनच प्रकारच्या असतात: बटण दाबलं तरी काही होत नाही, किंवा कुणी दाबलं नाही तरी होतं. गिऱ्हाईक आलं की मी आधी हेच विचारतो. निम्मं निदान तिथेच होतं.

मामेआजोबांपासून सुरुवात करतो. शिकागोची झेनिथ ही कंपनी या कामात सगळ्यांच्या पुढे होती. १९५० साली तिनं ‘लेझी बोन्स’ नावाचा रिमोट काढला. तो वायरीनं टीव्हीला जोडलेला असे आणि टीव्हीतली मोटर चॅनेलचा खटका फिरवे. खोलीभर पसरलेल्या त्या वायरीत पाय अडकून माणसं धडपडत. मग १९५५ साली याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ केला. हातात पिस्तुलाच्या आकाराचा टॉर्च, आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे. एका कोपऱ्यावर झोत टाकला की चॅनेल पुढे, दुसऱ्यावर टाकला की मागे, तिसऱ्यावर आवाज बंद, असं. कल्पना सुरेख होती, पण त्या डोळ्यांना झोत कुणाचा हे कळायचं नाही. खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायला लागे. हा झाला ‘कुणी दाबलं नाही तरी होतं’चा पहिला मोठा नमुना.

त्यावर उपाय शोधायचं काम झेनिथमधलेच संशोधक रॉबर्ट ॲडलर यांच्याकडे आलं. रेडिओ लहरी वापरायचा विचार झाला होता, पण त्या भिंतीतून आरपार जातात, म्हणजे आपण बटण दाबायचं आणि शेजाऱ्याचा टीव्ही बदलायचा. विक्री खात्याचीही एक अट होती: रिमोटमध्ये सेल नको. सेल संपला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल, ही त्यांची धास्ती. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती धास्ती किती रास्त होती ते चांगलं कळतं, कारण संपलेल्या सेलपायी अख्खा टीव्ही उचलून दुकानात आणणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

ॲडलर यांनी ध्वनी निवडला, तोही माणसाला ऐकू न येणारा. १९५६ मध्ये ‘स्पेस कमांड’ बाजारात आला. आत ॲल्युमिनियमच्या चार छोट्या दांड्या, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी. बटण दाबलं की स्प्रिंगवरची हातोडी दांडीच्या टोकावर टक्कन बसायची आणि दांडी ४० किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४० हजार वेळा) आसपास कंप पावायची. आपला कान २० किलोहर्ट्झपर्यंत जेमतेम ऐकतो, त्यामुळे माणसाला ऐकू यायचा तो फक्त हातोडीचा टकटक आवाज. अमेरिकेत जुनी माणसं रिमोटला ‘क्लिकर’ म्हणतात ते त्यावरूनच. सेल नाही, वायर नाही, आणि भिंत ओलांडून जाणं नाही. मात्र टीव्हीत हा आवाज पकडायला सहा जादा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) घालावे लागले, आणि टीव्हीची किंमत जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली.

आता किल्ल्या. धातूवर धातू आपटला की ऐकू येतो त्या खणखणाटाबरोबर ऐकू न येणारे कितीतरी उंच सूरही निघतात. त्यात ४० किलोहर्ट्झच्या आसपासचाही एखादा असतो. टीव्ही ओळखायचा तो फक्त सूर. त्या सुरात दुसरी काही खूण नसायची. म्हणून किल्ल्या खुळखुळल्या किंवा नाणी फरशीवर सांडली की एखादं चॅनेल सरकायचं. कुत्र्यांना आपल्यापेक्षा उंच सूर ऐकू येतात, त्यामुळे बटण दाबलं की घरातलं कुत्रं कान टवकारायचं, हीही सांगोवांगी गोष्ट नाही. पुढे ट्रान्झिस्टर आले, दांड्यांच्या जागी सेलवर चालणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं, पण ध्वनीचा रिमोट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला. तेव्हा मामेआजोबांवर शंका घेऊ नका.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये. एक, फार तर दोन चॅनेल असताना रिमोट हवा कशाला? आवाज कमी-जास्त करायला तेवढा. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि गल्लोगल्ली केबलवाले आले, तेव्हा रिमोट गरजेचा झाला आणि आमच्या टेबलावरही तेव्हापासूनच त्यांची रीघ लागली. तोवर जगभर इन्फ्रारेडच स्थिरावलं होतं, म्हणून ऊन आणि किल्ल्यांच्या गमती आपल्या घरांनी फारशा पाहिल्याच नाहीत. आपल्या वाट्याला दुसऱ्या आल्या.

त्या समजायला रिमोटच्या टोकाशी काय होतं ते बघू. तिथला एलईडी डोळ्याला न दिसणारा प्रकाश फेकतो. पण उन्हात, पिवळ्या बल्बमध्ये, गॅसच्या ज्योतीतही तसा प्रकाश असतोच. फ्लॅश-मॅटिकची चूक टाळायला इथे युक्ती केली आहे: एलईडी सेकंदाला ३६ ते ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्हीतला रिसीव्हर फक्त तेवढ्या वेगाचं लुकलुकणं ओळखतो. जत्रेच्या गोंगाटातही आपल्या पथकाच्या ढोलाचा ठेका वेगळा कळतो, तसं. ऊन स्थिर असतं, बल्ब सेकंदाला १०० वेळा हलतो, म्हणून दोन्हींकडे तो दुर्लक्ष करू शकतो. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब आणि सीएफएल मात्र हजारांच्या घरात लुकलुकतात. ते दिवे आले तेव्हा ‘संध्याकाळी दिवा लावला की रिमोट जवळून दाबावा लागतो’ ही तक्रार नव्यानं यायला लागली. रिमोट ठीक, टीव्ही ठीक. दिवा थोडा बाजूला घेतला की काम भागायचं.

या लुकलुकीच्या तुकड्यांतून एक सांकेतिक आकडा जातो आणि शेजाऱ्यांच्या रिमोटचं कोडं त्याच आकड्यात आहे. फिलिप्सनं ‘आरसी-५’ नावाची एक पद्धत ठरवली होती. तिच्यात प्रत्येक हुकूम १४ बिटांचा (एक बिट म्हणजे शून्य किंवा एक). त्यातले पाच बिट ‘हा निरोप कोणत्या यंत्रासाठी’ हे सांगतात, सहा बिट ‘काय करायचं’ हे सांगतात. टीव्हीसाठी पत्ता ठरलेला: शून्य. आता हीच पद्धत आणि हेच आयसी (रिमोटमधली चिप) दुसऱ्या कंपन्यांनीही वापरले तर पत्ता तोच आणि हुकूमही तेच. वरचं नाव वेगळं, डबा वेगळा, पण टीव्हीला फरक कळायला मार्गच नाही. त्यात इन्फ्रारेड भिंतीतून जात नसलं तरी काचेतून जातं आणि पांढऱ्या भिंतीवरून परततंही. चाळीत समोरासमोरच्या खोल्या, दारं उघडी, दोन्हीकडे एकाच कोडचे टीव्ही. अशा ठिकाणी हे व्हायचंच. तुमचं घर तेव्हा कसं होतं यावर ते किती वेळा झालं असेल हे ठरेल, पण होणं अगदी शक्य आहे.

कोडवरून आणखी दोन खोडी सांगतो, कारण लोक त्या अजूनही बटणाचा दोष समजतात. आरसी-५ मध्ये एक बिट असा असतो की बटण सोडून पुन्हा दाबलं की तो उलटतो. बटण दाबून धरलंय की दोनदा दाबलंय, हे टीव्हीला त्यावरून कळतं. काही स्वस्त डुप्लिकेट रिमोट हा बिट उलटवतच नसत. मग ११ नंबरचं चॅनेल लागायचंच नाही, कारण दुसरा एक म्हणजे पहिलाच एक दाबून धरलाय असं टीव्ही समजायचा. १२ लागायचं, १० लागायचं, फक्त ११, २२ अडायचे. असा रिमोट आला की मी तो उघडायचोच नाही, कारण आत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

दुसरी खोड एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीची. तिच्यात बटण दाबून धरलं तर पूर्ण हुकूम एकदाच जातो, मग नुसते ‘तेच पुन्हा’ असे छोटे इशारे जात राहतात. पहिल्या क्षणी मध्ये कुणी आडवं आलं आणि पूर्ण हुकूम चुकला, तर पुढचे इशारे निरर्थक. बोट दुखेपर्यंत दाबून धरा, टीव्ही ढिम्म. सोडून पुन्हा दाबलं की लगेच चालतं. रिमोटला ऐकू येत नाही म्हणतात ते हे.

आता आपटण्याकडे येतो. तळहातावर आपटून रिमोट चालतो याची मी पाहिलेली मुख्य कारणं दोन. पहिलं म्हणजे सेलची टोकं आणि स्प्रिंग यांच्यावर बसलेला गंजाचा, मळाचा पातळ थर. धक्क्यानं सेल किंचित फिरतो, थर खरवडला जातो, संपर्क येतो. दुसरं म्हणजे एलईडीच्या पायांचा किंवा स्प्रिंगच्या पट्टीचा तडा गेलेला सोल्डर, जो धक्क्यानं तात्पुरता टेकतो. पहिल्या कारणासाठी आपटायची गरजच नाही. झाकण काढून अंगठ्यानं दोन्ही सेल जागच्या जागी चार वेळा गोल फिरवले की तेच काम होतं. आणि आपटणं खरोखर महागात पडतं, कारण रिमोटच्या आत लुकलुकीचा ठेका धरणारा सिरॅमिक रेझोनेटर नावाचा एक छोटा, बहुधा पिवळा किंवा निळा, दोन पायांचा भाग असतो. अनेक रिमोटमध्ये तो ४५५ किलोहर्ट्झचा. त्याला बारानं भागलं की ती ३८ हजारांची लुकलुक मिळते. आत अगदी पातळ सिरॅमिकची चकती असते, आणि ती धक्क्यानं तडकते. ‘कालपर्यंत चालत होता, हातातून पडला आणि गेला’ अशा रिमोटमध्ये मी पहिला संशय रेझोनेटरवर घेतो. तो बदलला की बहुतेक वेळा रिमोट उठतो. आपल्याकडे रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घालायची पद्धत होती, तिनं या चकत्या फार वाचवल्या.

उन्हातल्या सेलचंही कारण सरळ आहे. तेव्हा घरोघरी असायचे ते साधे झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल. वापरात त्यांचा अंतर्गत रोध वाढत जातो. एलईडी प्रत्येक लुकलुकीला क्षणभर पण चांगला जोरदार करंट ओढतो, तेव्हा थकलेल्या सेलचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि आयसी गोंधळतो. सेलला विश्रांती आणि ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी मोकळी होते, रोध उतरतो. सेल भरला जात नाही, उरलंसुरलं बाहेर येतं एवढंच. मात्र असा पिळून काढलेला सेल फुटून गळतो, आणि त्यानं खाल्लेल्या स्प्रिंगा पुढे दुरुस्तीला येतात. तुमचा रिमोट माळ्यावर सेलसकट होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे.

तर आता तुमचा रिमोट. आधी नवे सेल घाला, स्प्रिंगा बारीक पॉलिश पेपरनं घासा. मग मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर एलईडी जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसायला हवा. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा, कारण काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी काच असते. मोबाइल नव्हते तेव्हा आम्ही ही तपासणी ट्रान्झिस्टर रेडिओवर करायचो. मीडियम वेव्हवर, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि रिमोट रेडिओला अगदी चिकटवून बटण दाबायचं. रेडिओच्या आत ज्या ४५५ किलोहर्ट्झवर काम चालतं, तीच बहुतेक रिमोटच्या रेझोनेटरची, त्यामुळे रेडिओतून गुर्र-गुर्र ऐकू येतं. हा प्रयोग आजही करा, कारण तो कॅमेऱ्यापेक्षा जास्त सांगतो. रेडिओ गुरगुरला पण कॅमेऱ्यात प्रकाश नाही, तर आयसी आणि रेझोनेटर जिवंत आहेत आणि दोष एलईडीकडे आहे. दोन्हीकडे शांतता असेल तर सेलचा संपर्क, बटणं, रेझोनेटर या क्रमानं बघायचं.

बटणांचं निदान कोणती बटणं गेली यावरून होतं. आवाजाची आणि चॅनेल पुढे-मागे करायची तेवढीच गेली असतील तर ती वापरून झिजलेली किंवा चिकट झालेली आहेत. ठरावीक गट एकदम गेला असेल, म्हणजे १, ४, ७ बंद आणि बाकी चालू, तर रबराचा दोष नाही. बटणं जाळीसारखी जोडलेली असतात आणि त्या जाळीतली एक रेघ तुटलेली आहे. आणि एकही बटण चालत नसताना सेल मात्र झपाट्यानं संपत असतील तर एखादं बटण आत अडकून दाबलेलंच राहिलंय का ते बघा.

रिमोट उघडताना सेलच्या खणातला स्क्रू आधी काढा, मग जोडाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून हळूहळू सरकवा. स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर कडा तुटतात. आत रबराच्या चादरीखाली पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) तेलासारखा थर दिसेल. तो हाताच्या घामाचा असावा असं वाटतं, पण रबरातूनच हळूहळू सुटणारं तेल त्यात जास्त असतं, म्हणून न वापरलेल्या रिमोटमध्येही तो सापडतो. रबर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ‘आयपीए’ म्हणून मिळतं. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका आणि ब्लेडनं खरवडू नका, कारण तिथल्या काळ्या पट्ट्या कार्बनच्या शाईनं छापलेल्या असतात, एकदा गेल्या की परत येत नाहीत. बटणाखालची काळी टिकली गुळगुळीत चकचकीत झाली असेल तर तिच्यावर मऊ पेन्सिल घासायचा उपाय लोक करतात. तो चालतो, पण थोडे दिवस. मला त्यापेक्षा दुसऱ्या मोडक्या रिमोटमधली टिकली कापून सिलिकॉनच्या गोंदानं चिकटवणं जास्त भरवशाचं वाटतं.

रिमोट प्रकाश टाकतोय आणि टीव्ही ऐकत नाही, असं झालं तर टीव्हीवरचा स्टँडबायचा लाल दिवा बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये हुकूम पोचला की तो क्षणभर लुकलुकतो. पण इथे थांबून एक कळकळीची विनंती: इतकी वर्षं बंद असलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही थेट प्लगला लावू नका आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबच्या ॲनोडला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज आत राहतो. कंडेन्सर वाळलेले असतील, उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील. जुन्या मेकॅनिककडून १०० वॅटच्या सिरीज बल्बवर (टीव्हीकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेल्या बल्बवर) पहिल्यांदा चालू करून घ्या. बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला तर बरं लक्षण, भगभगताच राहिला तर आत शॉर्ट आहे.

टीव्ही उठला तरी जुनी केबलची वायर आता उपयोगाची नाही, सेट-टॉप बॉक्स लागेल आणि तो एव्हीच्या पिनांना जोडावा लागेल. काही जुन्या टीव्हींमध्ये एव्ही मोडवर जायचं बटण फक्त रिमोटवर असतं, टीव्हीच्या अंगावर नसतं. तुमचा तसा असेल तर हाच रिमोट दुरुस्त करणं भाग आहे, नाहीतर तुमच्या टीव्हीचा कोड असलेला बाजारातला युनिव्हर्सल चालून जाईल. रिमोट उघडलात की मधल्या आयसीवरचा नंबर आणि रेझोनेटरवरचा आकडा इथे लिहा. रेझोनेटरवर ४५५ आहे की ४३० च्या आसपासचा आकडा आहे, यावरूनही कोड कोणता याचा अंदाज येतो, आणि तसाच रिमोट तुम्हाला कुठल्या नावानं मागायचा ते सांगता येईल.